चोवीस कुप्या, पालथ्या

सहा वर्षांपूर्वी मी गुरुनाथच्या चार महिन्यांच्या संशोधनाला भांड्यांचा साबण लावला. तेव्हा मी बासष्टची होते, म्हणजे अक्कल यायला तशी लहानच.

गुरुनाथ आमचा सर्जापूर रोडवरचा शेजारी. बेळगावकडचा, पन्नाशीचा, एकटा. विषाणूंवर काम करतो आणि घरातही हातमोजे घालून वावरतो. आमची बेल कोपरानं वाजवतो. "बोटांना काहीबाही लागलेलं असतं, त्यानं आरएनए मरतो, अक्का," हे त्याचं पालुपद. मी म्हणे, "लाडू मरत नाही, घे."

काय शोधतोस विचारलं की "स्वल्प बसा" म्हणून तासभर बोलायचा. विषाणू पेशीत शिरला की त्याच्या आरएनएचा एखादा तुकडा पेशीचीच जनुकं कुठे मंद करतो, कुठे जोरात चालवतो. मग पेशी स्वतःचं रक्षण सोडून त्याचीच सरबराई करते.

"म्हणजे आमच्या आत्याबाई," मी म्हटलं. "आठ दिवसांसाठी आल्या, स्वयंपाकाला हात लावला नाही, नुसती गॅसची बटणं फिरवली. माझी आमटी बंद, त्यांचं कढण सुरू."

"सरी, बरोबर, अक्का. कुठली बटणं, तेच शोधतोय." तेव्हापासून तो त्या तुकड्याला आत्याबाईच म्हणतो.

एका सकाळी नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यायचे होते आणि त्याची गाडी सुरू होईना. थर्माकोलचा डबा माझ्या ओट्यावर ठेवून तो रिक्षा बघायला गेला. "उघडू नका हं, अक्का."

मी उघडला. बर्फात पेराएवढ्या चोवीस कुप्या, प्रत्येकीच्या तळाशी थेंबभर पाणी. बर्फ वितळून आत गेलं असणार, असं मी ठरवलं. सगळ्या घासल्या आणि पंच्यावर ओळीनं पालथ्या घातल्या.

तो आला तेव्हा कौतुकानं दाखवल्या. तो दारातच थांबला.

"चोवीसही?"

"काडीला कापूस लावून, आतूनसुद्धा."

तो खुर्चीत बसला. तो थेंब म्हणजेच आत्याबाई, हे त्यानं हळू आवाजात सांगितलं. आता पेशी वाढवण्यापासून सगळं पुन्हा. मी म्हटलं, "ओरड रे, बाबा."

त्यानं हातमोजे काढले. त्याची उघडी बोटं मी पहिल्यांदाच पाहिली. एक कुपी उचलून त्यानं उजेडात धरली, बराच वेळ.

"अक्का," तो म्हणाला, "आई गेल्यापासून माझं एकही भांडं कुणी धुतलं नव्हतं."