नावेतली फोडणी

शेगडी पेटली नाही तेव्हा यशवंतरावांनी सगळ्यांकडे अशा नजरेने पाहिलं, की बाकीच्यांना उगीचच आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

नाव नेमावर गावच्या घाटापासून बरीच आत, नर्मदेच्या मधोमध उभी होती. नर्मदा जयंतीचा दिवस. घराण्याचा नियम असा, की या दिवशी वरणभाताचा नैवेद्य नदीच्या पात्रात नेऊन दाखवायचा आणि वरणाला फोडणी नावेतच द्यायची. फोडणीचा आवाज नर्मदामाईच्या कानावर गेला पाहिजे. देवासच्या दरबाराचा मुदपाकखाना सांभाळणाऱ्या कुणा पूर्वजाने हे सुरू केलं होतं. का, ते त्यालाच ठाऊक. यशवंतरावांनी कधी विचारलं नव्हतं आणि दुसऱ्या कुणी विचारलेलं त्यांना खपत नव्हतं.

शेगडी त्यांच्या लग्नातली. सुनेने, म्हणजे उर्वशीने, घरात नवी काचेची शेगडी आणल्यापासून ही बिचारी फक्त या एका दिवसासाठी माळ्यावरून उतरायची. "बाबा, आज पेटली तर ठीक," घाटावरच उर्वशीने सांगून टाकलं होतं, "नाहीतर उद्या भंगारवाल्याला देऊन टाकू. पुढच्या साली वरण थर्मासमधे आणू."

यशवंतरावांना ते फार लागलं. जन्मभर फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर म्हणून काढलेला माणूस. त्यांनी घाटावरच सगळ्यांना उभं करून नावेतल्या गॅसच्या सुरक्षेवर भाषण दिलं. नियम नुसता सांगायचा नाही, तिथल्या तिथे करून दाखवायचा, ही त्यांची फॅक्टरीतली शिस्त. ती त्यांनी नावाड्यालाही दाखवली.

आणि आता शेगडी गप्प होती. त्यांनी बर्नर काढून फुंकला, भोकं पिनेने साफ केली, नळी सरळ केली, लायटर बदलला. बटण फिरवून फिरवून अंगठा दुखायला लागला.

"बाबा, गॅसची टंकी खाली तर नाही?" भूपेंद्रने विचारलं.

"मी स्वतः भरून आणली आहे," यशवंतराव म्हणाले. मुलाने बापाला असं विचारावं याचंच त्यांना वाईट वाटलं.

तेवढ्यात एक मोठी लाट आली, नाव डुलली. यशवंतरावांच्या पत्नी सुमंगलाबाई पलीकडे पाठ करून फोडणीचं सामान मांडत होत्या, त्यांनी पटकन पदर सावरला. आणि थोड्याच वेळात वास आला. उग्र, नाकात बसणारा.

"गॅस," यशवंतराव हळूच म्हणाले. आवाजात भीती होती, पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही होता. इतकी वर्षं ज्या प्रसंगाची तयारी केली, तो अखेर निवृत्तीनंतर का होईना, आला होता. "इंजिन बंद. मोबाइल बंद. कुणी काडी ओढायची नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो तळाशी साचलाय. उपसून काढावा लागेल."

"कशाने?" उर्वशीने विचारलं.

"बादलीने. तळातून भरायची, काठावरून बाहेर ओतायची. सावकाश."

हे शास्त्र खरंच आहे, पण ते दिसायला फार वाईट दिसतं. भूपेंद्रने बादली घेतली, उर्वशीने भाताचं पातेलं ताटात रिकामं केलं, यशवंतरावांनी पूजेचा तांब्या उचलला, आणि तिघं रिकाम्या नावेतून काहीच नसलेलं काहीतरी भरभरून नदीत ओतू लागले.

"बाबूजी," नावाडी म्हणाला, "नाव में पानी तो है ही नी. उलीच क्या रिये हो?"

घाटावरच्या लोकांना एवढंच दिसलं, की इंजिन बंद पडलेली नाव वाहत चालली आहे आणि आतली माणसं जिवाच्या आकांताने उपसताहेत. आरडाओरडा झाला. होमगार्डची मोटरबोट सुटली आणि दोर फेकत येऊन भिडली.

"छेद किधर है?" जवानाने विचारलं.

"छेद नाही, भिया. गॅस है," भूपेंद्र म्हणाला.

जवानाने बादलीत वाकून पाहिलं. "दिख तो नी री."

"दिसत नाही, हाच तर धोका आहे," यशवंतराव म्हणाले, पण ते त्यांनाही जरा पोकळ वाटलं.

आता गळती शोधून दाखवणं भाग होतं. उर्वशीच्या पर्समधल्या साबणाचा फेस केला. यशवंतरावांनी तो बोटाने शेगडीच्या बटणांना लावला. बुडबुडा नाही. नळीला लावला. नाही. फेस लावत लावत ते टंकीपर्यंत पोचले, आणि हात रेग्युलेटरवर थांबला.

रेग्युलेटर बंद होता.

घाटावरच्या भाषणातला पहिलाच नियम. सांगून, करून दाखवून, नावाड्यालाही दाखवून त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलेला. मग गॅस आलाच नव्हता, आणि वास गॅसचा नव्हता. यशवंतरावांची कानशिलं तापली. खरं बोलावं तर शेगडी वाचते, पण आपण भंगारात जातो. गप्प बसावं तर लग्नातली शेगडी जाते. त्यांनी पाठीचा आडोसा केला, अलगद रेग्युलेटर फिरवला आणि घसा साफ केला.

"इथे जरा ढिलं होतं. झालं आता."

लायटर एकदाच वाजला. निळी, स्वच्छ ज्योत उभी राहिली. जवानाने टाळी वाजवली. उर्वशी म्हणाली, "बाबा, मानलं तुम्हाला. राहू दे शेगडी." यशवंतरावांनी मान खाली घातली, ती सगळ्यांना नम्रता वाटली.

सुमंगलाबाईंनी तेल तापवलं. मोहरी तडतडली, जिरं पडलं, आणि त्यांनी तडक वरण ओतलं.

"हिंग?" यशवंतरावांनी विचारलं.

"आज बिना हिंगाचंच," सुमंगलाबाई म्हणाल्या आणि पदर जरा पुढे ओढला. पण त्याआधी यशवंतरावांना त्यांच्या पायाशी, तळातल्या ओल्या फळीवर, हिंगाची पालथी डबी आणि पिवळा चिखल दिसला होता.

"तू बोलली का नाहीस?" ते पुटपुटले.

"बोलणारच होते," त्याही तितक्याच हळू म्हणाल्या. "पण घाटावर रेग्युलेटर कोणी बंद केला, तेही मग सांगावं लागलं असतं."

यशवंतरावांनी मुकाट्याने नैवेद्याचं ताट उचललं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना बायकोचा इतका आधार क्वचितच वाटला होता.

नाव परत निघाली. घाट जवळ आला तशी भूपेंद्रने समोर बोट केलं. काठाला लागलेल्या नावांतून बायाबापड्या तांबे आणि बादल्या घेऊन बसल्या होत्या. रिकाम्या नावेच्या तळातून हळूच काहीतरी भरायचं, कपाळाला लावायचं आणि नदीत सोडायचं, असं चाललं होतं.

"ये क्या कर रिये हैं?" सोबत आलेल्या जवानाने एकीला विचारलं.

"देवास वाले बाबूजी के यहाँ का रिवाज है," ती भक्तिभावाने म्हणाली. "आज के दिन नाव खाली करते हैं."

 यशवंतरावांनी हातातल्या वरणाच्या पातेल्याकडे पाहिलं, आणि त्या पूर्वजाची नावेत नेमकी काय फजिती झाली असेल, हा विचार जन्मात पहिल्यांदा त्यांच्या मनात आला.