डेसची कढत आंघोळ

घर विकून मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेताना डेसने ग्लेनिसचं मत घेतलं होतं, पडद्यांच्या रंगापुरतं. तेव्हापासून ती नवऱ्यामागून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याने फरफटत होती. आज मात्र हर्वी बे गावात अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या कॅरव्हॅन पार्कात नात टिली पहिल्यांदाच राहायला येणार होती. या एका रात्रीसाठी ग्लेनिसने काय काय सोसलं होतं, ते तिचं तिलाच माहीत.

तिची लेक रोवेना भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होती. टिलीची पिशवी खाली ठेवण्याआधीच तिने विचारलं, "शॉवरला गरम पाण्यात गार मिसळणारा व्हॉल्व्ह आहे ना?"

"काढून टाकला," डेस म्हणाला. "पाणी अगदी कोमट यायचं."

ग्लेनिस गर्रकन त्याच्याकडे वळली. "परत बसवला म्हणाला होतास!"

"तू भुणभुण थांबवावीस म्हणून म्हणालो."

"मग टिली इथे राहणार नाही, बाबा."

"अगं, वापरायची अक्कल पाहिजे! थांब, दाखवतो."

चड्डीवर डेस गाडीबाहेरच्या शॉवरपाशी उभा राहिला. शेजाऱ्यांनी बिअरसकट खुर्च्या वळवल्या. डेसला श्रोते मिळाले की आवरणं कठीण.

"टाकीतलं पाणी जपायचं. भिजायचं, बटणाने पाणी बंद करायचं, साबण लावायचा. बंद असताना कढत पाणी नळीत पुढे येऊन बसतं. म्हणून पहिली धार कायम जमिनीवर! एवढं कळायला डोकं लागतं."

हे सांगत तो भिजला, साबणही लावून झाला; हातातला शॉवर मात्र त्याच्या खांद्यावरच रोखलेला होता. ऐटीत त्याने बटण दाबलं.

किंकाळीने पार्कातली कुत्री भुंकायला लागली. रोवेनाने धावत जाऊन गरम पाणी बंद केलं आणि गार पाण्याची धार त्याच्या पाठीवर धरली. "वीस मिनिटं हलायचं नाही!"

"टाकी रिकामी होईल गं!" डेस विव्हळला.

"होऊ दे. हीच धार टिलीच्या अंगावर पडली असती तर..."

ग्लेनिसला रडू फुटलं. नवऱ्याची मात्र जराही कीव येत नव्हती.

टिलीची पिशवी परत लेकीच्या गाडीत गेली. तिच्यामागून ग्लेनिसचीही गेली.

"तू कुठे निघालीस?"

"नातीजवळ झोपायला. तसं ठरलंच होतं की."

"आणि माझ्या पाठीला मलम?"

"टेबलावर ट्यूब आहे," ग्लेनिस म्हणाली. "हात पोचेल तिथवर लाव."