साळूबाईंनी गच्चीवर रेंज राखली त्याची हकीकत

लहरीखात्याचे थोरले हुजूर, चोर साळूबाई नव्हेत, चोर तुम्ही. डोळ्यांस न दिसणाऱ्या हवेचे पट्टे पाडून तुम्ही लिलाव मांडलात, कंपन्यांस मक्ते दिलेत, लहरी अवघ्या सरकारच्या ऐसा कायदा केलात, आणि ज्या घरात एक लहर फिरकत नाही त्याच घरावर फौज धाडलीत. त्या मोहिमेचा मजकूर येणेप्रमाणे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सर, माघमास. चिकलठाणा प्रांती, विमानतळामागील नव्या वसाहतीत, मातुःश्री साळूबाईसाहेब, मूळ परगणे सिल्लोड, वरल्या मजल्याचा मुलूख राखून होत्या. मुलखास पाणी होतं, वीज होती, रेंज तेवढी नव्हती. सून मंजुषाबाई घरबसल्या फोनवरून एका विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची चाकरी करीत, आणि तिजवरच घर चाले. गिऱ्हाइकाचं बोलणं मध्येच तुटू लागलं, तेव्हा कंपनीचं फर्मान आलं की पुन्हा तुटलं आणि लगेच जोडलं नाही, तर चाकरी बरखास्त. इंटरनेटच्या वायरवाल्यांस विचारलं, तर ते म्हणाले, रस्ता झाल्यावर येऊ; आणि रस्तेवाले म्हणाले, वायर पडल्यावर करू.

मग साळूबाईंनी मसलत करून शहरातून एक पेटी आणविली. तिचा अँटेना गच्चीवर रोविला, आणि ती बाहेरची मरतुकडी रेंज ओढून घरात जोरानं फेकू लागली. मोबाइलवर साऱ्या दांड्या उभ्या राहिल्या. परंतु पेटीचा जोर बेसुमार, त्यानं कंपनीचा मनोरा बहिरा जाहला, आणि रस्त्यापलीकडील लोकांची बोलणी तुटू लागली. मक्तेदार कंपनीनं फिर्याद केली. रहिवाशांच्या अर्जांवर जो दरबार वर्षभर घोरत होता, तो कंपनीच्या एका हाकेसरशी डोळे चोळीत उठला.

खासे निरीक्षक हेमचंद्रराव मोहिमेवर नामजाद जाहले. सोबत शिपाई विश्वजीत, हाती लहरींचा माग काढणारं माशाच्या काट्यासारखं आयुध, ते गल्लोगल्ली रोखीत, हवेचा वास काढीत स्वारी गच्चीवर दाखल जाहली. साळूबाई तुरीच्या शेंगा सोलीत होत्या. हुकूम सुटला की, पेटी बेपरवाना आहे, सबब बंद करून जप्त व्हावी.

“सुनेचं बोलणं चालूय खाली,” साळूबाई बोलिल्या. “तेवढं होऊ द्या, मग न्या.”

कायद्यास सून ठाऊक नाही ऐसा जबाब आला, आणि पेटीचं बटण पडलं. तोच मंजुषाबाई कानावरचं यंत्र गळ्यात घेऊन जिना चढून आल्या. चेहरा पांढरा.

“आत्याबाई, गिऱ्हाईक तुटलं. लगेच जोडलं नाय तर गेली नोकरी.”

साळूबाई शेंग सोलीत राहिल्या.

आता दरबारी ॲपचा नियम ऐसा की, जप्त मालाची तसबीर जागेवरूनच धाडावी, नाही तर जप्ती कबूल नाही. हेमचंद्ररावांनी तसबीर काढिली आणि धाडू गेले, तो रेंज नाही. मग कठड्यापाशी गेले, मग जिन्यात उतरले, मग बूट काढून पाण्याच्या टाकीवर चढले आणि मोबाइल आभाळाकडे धरिला. लहरींचे अंमलदार, एका लहरीस मोताद जाहले.

“साहेब, रेंज पायजे व्हय?” साळूबाईंनी विचारिलं. “लावू का पेटी?”

हेमचंद्ररावांनी टाकीवर टाचा उंचावून मोबाइल आणखी एकदा वर धरिला. मग हुकूम आला: लावा, सरकारी कामापुरती.

पेटी लागली. मंजुषाबाई जिना उतरून धावल्या. इकडे टाकीवर तसबीर जाण्याआधीच वरिष्ठांचा फोन वाजला, आणि हेमचंद्ररावांनी स्पीकरवर अर्ज केला, “सर, पेटी पकडून बंद केलीय. इथं रेंज अजिबात नाही.”

“मग तुम्ही बोलताय कशावरून?”

हेमचंद्ररावांनी पेटीकडे पाहिलं. विश्वजीतनं विमानाकडे पाहिलं. विमान नव्हतं.

त्याउपरी तह जाहला. विश्वजीतनं पेटीचा जोर पिळून अर्ध्यावर आणिला, आणि रस्त्यापलीकडची बोलणी जुळली. खालून मंजुषाबाईंचा आवाज आला, “माफ करा काका, लाइन गेली होती. बोला, ऐकतेय मी.” तसबीर मात्र अर्ध्या जोरात जाईना, पडद्यावर चक्र फिरत राहिलं. सबब वरिष्ठांचं फर्मान जाहलं की, तसबीर पोचेपर्यंत पेटी जप्त समजावी, जागची हलवू नये, आणि चालू ठेवावी.

तेव्हापासून हेमचंद्रराव अधूनमधून येतात, चक्र फिरवितात, चहा घेतात आणि जातात.

ऐशी फत्ते जाहली. मुलूख राहिला, सुनेची चाकरी राहिली, पेटी सरकारजमा असून सरकारच्याच हुकमानं चालू आहे.

आता हुजुरांनी जबाब द्यावा. हवा तुमची, लहरी तुमच्या, लिलावाचा पैका तुमच्या खजिन्यात; मग साळूबाईंच्या घरात फोन लागतो, तो कोणाच्या जिवावर? जबाब लेखी द्या. फोनवर देणार असाल, तर पेटी चालू आहे तोवर द्या.