क्षितिजाकडे पाहण्याचा सराव

कोणत्याही संस्थेला सचोटी लागतेच. प्रश्न फक्त किती लागते एवढाच असतो. ती कमी पडली तर काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. जास्त झाली तर काय होते याचा अभ्यास मात्र फारसा झालेला नाही, आणि ती उणीव भरून काढण्याचे श्रेय अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या आमच्या हेब्रॉन प्रेअरी कॉलेजच्या गोल्फ संघाला द्यावे लागेल.

हा संघ विभागातल्या आठ कॉलेजांमध्ये सलग नऊ वर्षे आठवा येत होता. वरवर पाहणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या नऊ वर्षांत इतर कॉलेजांनीही कमी प्रयत्न केले नव्हते. एकाने खेळाडूंपेक्षा त्यांच्या टोप्यांवर जास्त लक्ष दिले, एकाची गाडी स्पर्धेच्या वाटेवर बंद पडून निम्मा संघ दुपारी पोचला, एकाने तर वर्षभर प्रशिक्षकच नेमला नाही. आठवी जागा तरीही हेब्रॉनने कोणाच्या हाती लागू दिली नाही.

संघाचा प्रशिक्षक व्हर्लिन डाइक्स्ट्रा हा मूळचा कुस्तीचा. कॉलेजने कुस्तीचा संघ बंद केला त्याच महिन्यात गोल्फचे जुने प्रशिक्षक निवृत्त झाले. एक माणूस कामाविना आणि एक काम माणसाविना असले की दोन्ही अडचणी एकमेकींच्या गळ्यात बांधायच्या, हे व्यवस्थापनाचे तत्त्व आमच्याकडे फार पूर्वीपासून पाळले जाते. व्हर्लिनने तक्रार केली नाही. त्याने गोल्फच्या नियमांचे पुस्तक दोनदा वाचले आणि प्रतिस्पर्ध्याला कुठेही धरता येत नाही हे पाहून तो जरा हिरमुसला, इतकेच.

आयोवात गोल्फचे मैदान नोव्हेंबरात बर्फाखाली जाते ते मार्चअखेर वर येते. त्यामुळे संघाचा सराव शेतकी विभागाच्या जुन्या डुक्करखान्यात चालतो. (डुकरे केव्हाच हलवली, वास संघाच्या सेवेत ठेवला आहे.) आडव्या बांधलेल्या जाळीवर चेंडू मारायचा आणि तो पुढे कुठे गेला असता हे मनाने ठरवायचे. या पद्धतीचा मोठा फायदा असा की डिसेंबर ते मार्च या काळात हेब्रॉनचा एकही चेंडू आजवर तळ्यात पडलेला नाही.

आता सचोटीकडे वळू. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि खेळाडूच्या मागे शिट्टी घेऊन फिरणारा पंच नसतो. चूक ज्याची त्याने पाहायची, दंड ज्याचा त्याने लावून घ्यायचा. चेंडूजवळचे वाळके पान बाजूला करताना चेंडू जरासा जरी हलला तरी एक फटका दंड भरायचा आणि चेंडू होता तिथे परत ठेवायचा. तो न ठेवता तसाच मारला, तर दंड दोन फटक्यांचा. कोणी पाहिले नसले तरी.

व्हर्लिनचा सर्वांत चांगला खेळाडू जोएल स्कोल्टन हे सगळे पाहत असे. चेंडूशी तो गुडघे टेकून बसे, गवताची पाती न्याहाळी, आणि मग हात वर करून जाहीर करी की चेंडू हलला. बरोबरचे खेळाडू म्हणत, अरे नाही हलला, वारा आहे. जोएल म्हणे, नाही, मीच हलवला. गेल्या हंगामात त्याने स्वतःला सव्वीस फटके दंड लावला. (पैकी दोन फटके त्याला घरी पोचल्यावर आठवले व ते त्याने फोनवरून कळवले. त्यातल्या एका स्पर्धेचे बक्षीसही वाटून झाले होते.) शेवटच्या विभागीय स्पर्धेत हेब्रॉन सातव्या संघापेक्षा नऊ फटक्यांनी मागे राहिले, आणि त्या स्पर्धेत जोएलचा दंड होता अकरा फटके. ही वजाबाकी गावात सर्वांनी केली, पण मोठ्याने कोणी केली नाही.

कॉलेजला जोएलचा अभिमान होता. प्रसिद्धी विभागाने माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याचा गवतात गुडघे टेकलेला फोटो छापला आणि खाली तीनच शब्द घातले: ‘कोणी पाहत नसतानाही’. पुस्तिका पाहून माजी विद्यार्थ्यांचे डोळे पाणावले आणि हात खिशाकडे गेले. प्रार्थनागृहाचे गळके छप्पर त्या वर्षी नवे झाले, ते बरेचसे जोएलच्या गुडघ्यांवर उभे आहे असे म्हणायला हरकत नाही.

जानेवारीत विश्वस्त मंडळाने ठरवले की खर्च कमी करण्यासाठी एक खेळ बंद करावा, आणि न्याय म्हणून जो संघ विभागात शेवटचा येईल तोच करावा. व्हर्लिनला ही बातमी किराणा दुकानात कळली. त्याच्या हातून एक संघ गेला होता. दुसराही गेला असता तर ‘डाइक्स्ट्राने हात लावला की खेळ बुडतो’ असे गावाने म्हटले असते, आणि हेब्रॉनमध्ये जे एकदा म्हटले जाते ते माणसाला पुरल्यानंतरही कॉफीबरोबर म्हटले जाते. पण खरी गोष्ट वेगळी होती. त्या पाच पोरांवर त्याचा जीव होता. डुक्करखान्यात कुडकुडत, मनातल्या मनात उत्तम गोल्फ खेळणारी ती पोरे त्याला आपली वाटत, आणि त्यांना तो हे कधीच सांगू शकला नव्हता.

क्रीडाप्रमुख ब्रेंडा पोस्टमा हिने त्याला बोलावून घेतले. ती एकेकाळी त्याचीच विद्यार्थिनी होती, त्यामुळे त्याला ‘कोच’च म्हणे आणि आदराने धारेवर धरी.

“कोच, मी काय जोएलला खोटं बोल म्हणतेय का?” ती म्हणाली. “मेले तरी म्हणणार नाही. पण त्याने एवढं बघायचं कशाला?”

“बघितल्याशिवाय चेंडू मारणार कसा गं?”

“मारताना बघू दे की. त्याच्या आधी काय नडलंय?”

यातून जी पद्धत जन्माला आली तिला अधिकृत नाव ‘क्षितिजदृष्टी’ असे देण्यात आले. खेळाडूने चेंडूकडे जाताना, पान बाजूला करताना, उभे राहताना नजर दूर क्षितिजावर ठेवायची, आणि फटका मारायच्या क्षणी तेवढी खाली आणायची. आयोवाला ही पद्धत फार मानवणारी आहे. आमच्याकडे क्षितिज चारही बाजूंना आहे आणि मध्ये काही येत नाही. डुक्करखान्यात क्षितिजाची सोय नव्हती, म्हणून ब्रेंडाने समोरच्या भिंतीवर निळी आडवी रेघ मारून घेतली. (ती पहिल्यांदा तिरकी आली, आणि आठवडाभर सगळा संघ डावीकडे झुकून खेळला.)

धार्मिक बाजूही तपासून घेण्यात आली. मंडळाचे अध्यक्ष हार्लन व्हॅन रोकेल मक्याचे बियाणे विकत आणि रविवारी चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसत. ते आणि व्हर्लिन शाळासोबती. सचोटीला धक्का लागता कामा नये, हे त्यांनी प्रथम बजावले. मग पेपरमिंटची गोळी गालात सरकवून ते म्हणाले, “हे बघ व्हर्लिन, पाहून लपवलं तर पाप. पाहिलंच नाही तर कसलं? देवाने पापण्या काय उगाच दिल्यात?” सापही मरत होता आणि काठीही मोडत नव्हती, व्हर्लिन मान हलवून परत आला.

जोएलला यातले काही सांगितले नाही. नजर दूर ठेवली की श्वास शांत होतो, असे त्याला सांगण्यात आले, आणि पंचाईत अशी की त्याचा श्वास खरोखरच शांत झाला. पोरगा दोन महिन्यांत खुलला. एकदा सराव संपल्यावर तो मुद्दाम मागे थांबला.

“कोच, थँक यू हं,” तो म्हणाला. “आधी मला सारखं वाटायचं, आपल्या हातून काहीतरी चुकतंय. आता नाही वाटत.”

व्हर्लिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निळ्या रेघेकडे पाहिले. घरी बायकोने, आर्डिसने, विचारले की पोराला असे काय शिकवलेस, सगळे गाव त्याचे नाव काढतेय. तो म्हणाला, श्वास. आर्डिसने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि बटाट्याचे भांडे पुढे सरकवले.

फेब्रुवारीअखेर चर्चच्या तळघरात हितचिंतकांचे जेवण असते. तिथे प्रत्येक प्रशिक्षकाने उठून आपल्या संघाचे आगामी भवितव्य सांगायचे, असा रिवाज आहे. हॅमचे गोळे आणि गाजर घातलेली हिरवी जेली यांच्या मधल्या वेळात व्हर्लिन उठला. त्याने सांगितले की गेल्या वर्षीचे पाचही खेळाडू कायम आहेत (सहावा कोणी आला नव्हता). संघाचे सरासरी वय वर्षाने वाढले असून हे केवळ नैसर्गिक प्रक्रियेवर विसंबून साधले आहे. जाळीतले फटके पूर्वीपेक्षा लांब जात आहेत. आणि आढळून येणाऱ्या दंडांत दोनतृतीयांश घट अपेक्षित आहे. या शेवटच्या वाक्याला सर्वाधिक टाळ्या पडल्या. ‘आढळून येणाऱ्या’ या शब्दावर कोणी अडले नाही. जोएल सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात विभागीय स्पर्धा झाली. क्षितिजदृष्टीने आपले काम चोख केले. शेवटच्या होलवर जोएल पोचला तेव्हा हेब्रॉन आणि सातवा संघ यांच्यात अंतर उरलेच नव्हते. पुढे कोण आणि मागे कोण, हे आता त्याच्या या होलवर ठरणार होते.

त्याचा चेंडू कडेच्या लांब गवतात, ओकच्या झाडाखाली पडला होता. कॉलेजच्या गोल्फमध्ये प्रशिक्षकाला खेळाडूबरोबर चालता येते, म्हणून व्हर्लिन त्याच्या मागेच उभा होता. बरोबरचा प्रतिस्पर्धी पलीकडे स्वतःचा चेंडू शोधण्यात गुंतला होता. जोएलने नजर दूर मक्याच्या उघड्या रानापार नेली, दीर्घ श्वास घेतला आणि चेंडूला टेकलेले वाळके पान हाताने अलगद काढले. चेंडू अर्धी गिरकी घेऊन बोटभर खाली घरंगळला.

जोएलने पाहिले नाही. त्याला जसे शिकवले होते तसे त्याने तंतोतंत केले होते. पाहिले ते एकट्या व्हर्लिनने, कारण सबंध संघात क्षितिजाकडे पाहण्याचा सराव फक्त त्यानेच केला नव्हता.

आत्ता बोलला असता तर एक फटका, मारल्यानंतर दोन. बरोबरी असताना एक गेला काय आणि दोन गेले काय, संघ जाणारच असे त्याला दिसत होते. व्हर्लिनने तोंड उघडले. त्याला पाच पोरे दिसली, डुक्करखाना दिसला, किराणा दुकान दिसले. जोएलने फटका मारला. चेंडू सुरेख उंच गेला आणि हिरवळीवर झेंड्याजवळ उतरला.

“काय झालं, कोच?” जोएलने वळून विचारले. “तुम्ही काही म्हणालात का?”

“छान मारलास,” व्हर्लिन म्हणाला. हे खोटे नव्हते. फटका खरोखरच छान होता.

तरीही वेळ गेलेली नव्हती. कार्डावर सही होईपर्यंत, नव्हे निकाल जाहीर होईपर्यंत, कोणीही पुढे होऊन सांगू शकतो. जोएल फटके नोंदवायच्या तंबूत टेबलापाशी बसून आपले आकडे पुन्हा पुन्हा तपासत होता, आणि व्हर्लिन तंबूच्या दाराशी उभा राहून त्याची मान पाहत होता. मान फार बारीक होती, एखाद्या शाळकरी पोरासारखी. त्याला वाटले, आपण आत जावे आणि सांगावे. त्याला हे खूप वेळ वाटत राहिले. मग निकाल जाहीर झाला.

हेब्रॉन एका फटक्याने सातवे आले. संघ वाचला. पोरांनी व्हर्लिनला उचलले, आणि पोरे कुस्तीची नसल्यामुळे लगेच खाली टाकले. हार्लनने त्याचा हात दोन्ही हातांत धरून हा सचोटीचा विजय असल्याचे सांगितले. त्याला आनंद झाला हे खरे आहे, आणि हार्लन बोलत असताना तो त्याच्या खांद्यावरून दूर रानाकडे पाहत होता हेही खरे आहे. पुढच्या पुस्तिकेसाठी जोएलचा नवा फोटो निवडण्यात आला आहे. त्यात तो दूर कुठेतरी पाहत उभा आहे. खालचे तीन शब्द बदलण्याची गरज भासली नाही. एकंदरीत आगामी हंगामाचे भवितव्य उज्ज्वल आहे.

राहता राहिला प्रश्न साक्षीदाराचा. चेंडू हलला हे व्हर्लिनखेरीज आता तुम्हालाही माहीत आहे, वाचकहो. व्हर्लिनने तोंड उघडले तेव्हा हा माणूस आता बोलून सगळ्यावर पाणी ओततो की काय, या धास्तीने तुमचा जीव क्षणभर वर गेला होता, आणि चेंडू हिरवळीवर उतरला तेव्हा तो खाली आला. लाजू नका, आम्ही कोणी पाहत नव्हतो. आमच्या विश्वस्त मंडळात यंदा एक जागा रिकामी होत आहे. अर्ज करावा. अनुभव तुम्हाला आहेच.