ओ दिल्याशिवाय

आमच्या गुंद गावच्या डिगूमामाला स्वतःच्या घरात शिरायचं असलं, तरी तो आधी अंगणाच्या कडेला उभा राहून हाळी द्यायचा. "कूऽऽ!" घरात दुसरं कोणी नसायचं. त्याची आई वारल्यापासून तो एकटाच. मग तोच जरा बारीक आवाज काढून "ओऽऽ" म्हणायचा, आणि ओ मिळाली म्हणून निर्धास्तपणे आत जायचा. लहानपणी आम्ही पोरं कुंपणामागं बसून हा तमाशा बघायचो आणि हसून लोळायचो.

हाळी आमच्याकडे सगळेच देतात. जंगलातल्या वाटेवर वळण आलं की द्यायचीच. पुढं अस्वल असलं तर ते बाजूला होतं, माणूस असला तर ओ देतो. हौस म्हणून हे कोणी करत नाही. अवचित समोर आलेल्या माणसाच्या तोंडावरच अस्वल झेपावतं, आणि एका डोळ्यानं, अर्ध्या ओठानं दिवस काढणारी माणसं आमच्या भागात गावोगाव भेटतात. ज्याची आपण वाट बघतोय त्याची ओ आली नाही, तर पुढं पाऊल टाकायचं नाही, मागं फिरायचं. बाकीचे लोक हा नियम जंगलात पाळायचे. डिगूमामा तो रेशनच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात आणि दांडेलीच्या दवाखान्यातही पाळायचा. एकदा पंचायतीची सभा चालू असताना यानं दारातून "कूऽऽ" केलं आणि अध्यक्षांनी भाषण थांबवून सवयीनं "ओऽऽ" दिली. पुढं काय बोलायचं होतं ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

"भिऊन ऱ्हावं, बाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गावात वीज आली तेव्हा त्यानं दिव्याचं बटण लांबून दाबायला एक सुकी बांबूची काठी खास तासून घेतली होती. कमरेच्या आकडीत कोयता अडकवल्याशिवाय तो परसातसुद्धा जायचा नाही. एकदा मी विचारलं, "मामा, झोपताना तरी काढतोस का रे?" तर म्हणाला, "काडतो की. उशाखाली ठेवतो."

हा डिगूमामा म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ. गाव त्याला पाठीमागं 'युनवर्सिटी' म्हणायचं, कारण गुंदहून विद्यापीठात गेलेला तो पहिला माणूस. गेला खरा, पण पंधरवडाही न काढता परत आला. का, म्हणून विचारलं की म्हणायचा, "तितलं पाणी बादलं." एवढ्या पाण्यावर त्याला विद्यापीठाचा सगळा इतिहास मात्र तोंडपाठ झाला होता.

"पयलं तितं टेकडीवर रान हुतं," तो सांगायचा. "मग सरकारनं रान तोडून दगडी घरं बांदली. मग पोरं आली. मग पोरांनी संप करून त्येच दगड सरकारला मारले. पर मला सांग बाय, रान तोडलं, तर जनावरं गेली कुटं?"

"कुठं?"

"तितंच हायत. प्यांट घालून."

दांडेलीला मावशीकडे राहून मी बी.ए. झाले आणि एम.ए.साठी मला विद्यापीठात जायचं होतं. नव्वदचं दशक नुकतंच उजाडलं होतं, पण आमच्या घरी ते यायला अजून वेळ होता. रामनगरच्या एका दुकानदाराच्या घरून मला मागणी आली होती. खूप रडारड झाल्यावर अप्पा म्हणाले, "जा. पर पेटी घिऊन परत आलीस, तर पुन्ना युनवर्सिटीचं नाव काडायचं न्हाई. रामनगरला व्हय म्हणायचं." आणि भाताची लावणी चालू असल्यामुळं मला पोचवायला त्यांनी कोणाला नेमावं? डिगूमामाला!

मामानं लगेच माझी तयारी करून घ्यायला सुरुवात केली. अंगणात पाट मांडून तो त्यावर कारकून होऊन बसायचा. "खिडकीच्या आतला मान वर करंपतूर बोलायचं न्हाई. मान वर केली, की डोळ्याला डोळा लावायचा न्हाई."

"आणि प्राध्यापक अंगावर आला तर?"

"पळायचं न्हाई. पळणाऱ्याच्या मागं लागत्यात."

मी हसायचे, पण अंथरुणावर पडले की ते हसू जायचं. त्या दगडी इमारतींमधून काहीतरी माझी वाट बघत बसलंय असं वाटायचं. जाण्याच्या आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बसमधून उतरून फाटकाशी आलो आणि वॉचमननं पहिल्यांदा मामाचा कोयता काढून घेतला. मामा कमरेवरून हात फिरवत म्हणाला, "वारा लागतोय बाय." त्याचा चेहरा उतरला होता. माझाही उतरला असणार. इतकी माणसं मी कुळगीच्या जत्रेतही पाहिली नव्हती, आणि त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं. एवढाले जिने, एवढाली दारं, सगळीकडं फाडफाड कन्नड आणि इंग्रजी. प्रवेशाच्या कचेरीचा बोळ लांबलचक आणि अंधारा होता. वळणाशी मामा थबकला. मी त्याचा हात धरून म्हटलं, "मामा, इथं नको रे!" पण तोपर्यंत हाळी सुटली होती. "कूऽऽ!" प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलं. सगळी डोकी आमच्याकडं बघत राहिली. ओ कोणीच दिली नाही.

मामाचा हात माझ्या हातात गार पडला. त्याला घाम फुटला होता. आजवर मी त्याच्या भीतीला हसत आले होते, पण ती अशी हाताला कधी लागली नव्हती. त्यानंतर तो सगळा वेळ माझ्यामागं पाय न वाजवता चालला.

मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना प्रवेश नव्हता. तिथल्या फाटकाशी मामा म्हणाला, "तू वर जा. सांजंला बस धरायच्या आदी हाळी दीन. ओ दे. ओ आली, की मी जातो."

वर खोलीत विजापूरकडची एक उंच मुलगी खाटेवर बसून शेंगा खात होती. नाव सावित्री. तिनं कन्नडात चार प्रश्न विचारले, मला एकाचंही उत्तर फुटेना. कन्नड मला जन्मापासून येत होतं, पण त्या दिवशी कुठलीच भाषा येईना. बाहेर घंटा झाली, दारं आपटली, जिन्यावरून शेकडो चपला धावल्या, आणि मला धाप लागली. मी पेटी उघडलीसुद्धा नाही. मनाशी म्हटलं, रामनगर तर रामनगर. मामाची हाळी आली, की याच पेटीसकट खाली उतरायचं.

उजेड कमी व्हायला लागला आणि हाळी आली. "कूऽऽ!" मी पेटी उचलली आणि सावित्रीकडं न बघता जिना उतरले.

मामा फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्यानं पेटीकडं पाहिलं. रागावला नाही.

"मी बी पेटी घिऊन असाच आलतो, बाय," तो म्हणाला. "पाणी बिनी काय बादलं न्हवतं. रोज सांजंला वसतिगृहाच्या वरांड्यात हुबा ऱ्हाऊन हाळी दीत हुतो. कुणीतरी ओ दील म्हणून. एवडी पोरं हुती. हसायची. ओ कुणी दिली न्हाई."

"मग?"

"मग काय. ओ न्हाई, तर म्होरं जायाचं न्हाई. फिरलो मागं."

मी म्हटलं, "चल मामा, बस चुकेल." पण तो हलेना. कपाळाला आठ्या घालून वर बघत होता.

"तू जिन्यात हुतीस," तो म्हणाला. "मग वरनं ओ दिली कुणी?"

मी तर ऐकलीच नव्हती. वळून पाहिलं, तर आमच्या खिडकीत सावित्री उभी. मामानं वर तोंड करून पुन्हा हाळी दिली. हलकीच दिली, भीत भीत. सावित्रीनं तोंडाशी हात धरून अख्ख्या वसतिगृहाला ऐकू जाईल अशी ओ दिली. "ओऽऽऽ!" नंतर ती मला म्हणाली, आमच्याकडं ज्वारीच्या राखणीला असताना हाळी ऐकली की ओ द्यायचीच, हाळी देणारा कोण आहे ते मागनं बघायचं.

मामानं माझ्या हातातून पेटी घेतली, गजांच्या आतल्या बाजूला ठेवली आणि म्हणाला, "जा वर. ओ देणारं माणूस हाय हितं. मला तेवडं मिळालं असतं, तर..." पाठ फिरवून तो निघाला. रस्त्याच्या दर वळणाला त्याची हाळी येत राहिली, आणि ऐकू येईनाशी होईपर्यंत सावित्री आणि मी खिडकीतून ओ देत राहिलो.

सकाळी मोठ्या फाटकावरून जाताना वॉचमननं मला थांबवलं. कागदात गुंडाळलेली एक जड वस्तू माझ्या हातात दिली. मामाचा कोयता होता.

"विसरला का तो?" मी विचारलं.

"नाही, मी देत होतो," वॉचमन म्हणाला. "घेतला नाही. म्हणाला, आमची पोर आत हाय, तिला असू दे."

मी तिथंच उभी राहिले. गुंदच्या फाट्यावर बस सोडते आणि तिथून मामाच्या घरापर्यंत सगळी जंगलातली वाट. रात्री दांडेलीला थांबून पहाटेच्या बसनं एवढ्यात तो तिथं उतरला असणार. परसात कोयत्याशिवाय न जाणारा माणूस, कमरेला रिकामी आकडी घेऊन दर वळणाला हाळी देत चालला असणार. त्या वाटेवर ओ द्यायला कोणी नाही. घरी पोचल्यावरही कोणी नाही. मला रडू आवरेना.

मी कोयता छातीशी धरला, रस्त्याकडं तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओ दिली. वॉचमन दचकून मागं सरकला.