प्रोसेसरला कुंकू

फैजपूरच्या तोताराम नानांच्या बैठकीत त्या सकाळी कॉम्प्युटर पोट उघडून पडला होता आणि दुपारी चार वाजता त्यांच्या लेकीची, डिंपलची मुलाखत होती.

मुलाखत पुण्याच्या एका कंपनीची. लोकांचे कॉम्प्युटर बिघडले की त्यांना फोनवर धीर द्यायचा आणि काय करायचं ते सांगायचं, अशी नोकरी. तीही घरबसल्या. अर्ज करून करून पोरगी रडकुंडीला आली होती, तेव्हा कुठे हे पहिलं बोलावणं आलं. अट एकच, मोबाईल चालणार नाही, कॉम्प्युटरवरूनच समोर यायचं. आदल्या दिवशी तिने मैत्रिणीबरोबर सराव केला, तर घरातल्या जुन्या डब्याने तिचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठवून टाकला. "तू जांभई देतेयस का गं?" मैत्रिणीने विचारलं. डिंपल त्या दिवशी जेवली नाही.

म्हणून नानांनी जळगावहून नीलेशला बोलावलं. नीलेश म्हणजे नानांची बायको शेवंताबाई हिचा भाचा. जळगावात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि जिभेवर सदैव साखर.

"टेन्शन नका घेऊ, नाना. नवा प्रोसेसर टाकला की विमान होतं बघा."

नुसता प्रोसेसर टाकतो म्हणाला होता, पण येताना बोर्ड, मेमरी सगळंच घेऊन आला. नव्या प्रोसेसरला जुन्या बोर्डात बसता येत नाही म्हणे. त्याने जुना बोर्ड काढला, नवा बसवला, त्यावरच्या चौकोनी खाचेचं झाकण उघडं ठेवलं, प्रोसेसर डबीतून काढून शेजारी ठेवला आणि नानांबरोबर चौकात कचोरी खायला निघून गेला. अहो, झाकून तरी जायचं! डिंपल आतल्या खोलीत इंग्रजीत स्वतःची ओळख पाठ करत होती. बैठकीत उरल्या शेवंताबाई.

आता या घरात नवी वस्तू बिनपूजेची कधी चालू झालेली नाही. ट्रॅक्टरला हार पडला, केळीच्या मळ्यातल्या मोटारीला नारळ फुटला, फ्रिजच्या दारावरचं कुंकू तर अजून आहे. मग पोरीच्या नोकरीची वस्तू तशीच सोडायची? शेवंताबाईंनी ताट आणलं. प्रोसेसर उचलून पाहिला. एक बाजू पत्र्यासारखी, दुसरी सोन्यासारखी पिवळी. देवाचं काम सोनेरी बाजूलाच करावं असं त्यांच्या मनाने घेतलं. तिथे ओलं हळद-कुंकू लावलं, बोर्डावर चिमूटभर अक्षता टाकल्या आणि "पोरीचं भलं कर रे बापा" म्हणून हात जोडले. नानांनी भंगारात काढलेला जुना बोर्ड त्यांनी लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. इतकी वर्षं राबला, त्याला भंगारात कसं घालायचं?

नीलेश आला तो फोनवर बोलतच. मान वाकडी करून मोबाईल खांद्यात धरला, प्रोसेसर खाचेत ठेवला, झाकण दाबलं. कर्रर्र असा आवाज आला.

"हे काय रे?" नानांनी विचारलं.

"तसा आवाज येतोच, नाना."

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. नीलेशने मेमरी काढून पुसली. वायर बदलली. विजेला शिव्या दिल्या. शेजारचे कौतिक आबा येऊन "पडद्याला दोन चापट्या मारून बघ," असं सुचवून गेले, तेही करून झालं. बारा वाजले, दोन वाजले. नीलेशच्या जिभेवरची साखर संपली.

शेवटी त्याने झाकण उघडलं आणि डोक्याला हात लावला. खाचेत तांदळाच्या दाण्याचा भुगा, वर कुंकवाचा चिखल आणि खालच्या केसासारख्या बारीक तारा आडव्या झालेल्या.

"आत्या! हे कोणी केलं?"

"मी केलं, बापा. पूजा नको का करू?"

डिंपल बाहेर आली आणि तिने ते पाहिलं. "आई, माझं वाटोळं केलंस गं!"

"मले काय माहीत वं माय, त्याले कुंकू चालत नही!" शेवंताबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "जुनं ठेवलं हाये ना मी कपाटात. ते लावा."

लावलं. पेटी उघडीच, तापू नये म्हणून समोर टेबल फॅन. चारच्या ठोक्याला मुलाखत सुरू झाली. पलीकडे एक बाई होत्या.

"समजा फोन आला, की कॉम्प्युटर चालूच होत नाही. सर्वांत आधी काय विचाराल?"

डिंपलचं पाठ केलेलं उत्तर 'प्लग नीट लागलाय का?' असं होतं. पण दिवसभराचा जाळ आतून वर आला. "आधी विचारीन, घरात कोणी पूजा केली का?"

बाईंचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला. मग पडदा काळा झाला.

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. नाना ओट्यावर बसून राहिले. शेवंताबाईंनी करंडा फडताळाच्या वरच्या फळीवर टाकला आणि पुन्हा हात लावणार नाही म्हणून शपथ घेतली. डिंपल आईशी बोलेना.

आठवड्याने ईमेल आला. निवड झाली होती! खाली बाईंनी लिहिलं होतं: "दसऱ्यानंतर आम्हाला असे फोन खरोखरच येतात. हा प्रश्न विचारणारं माणूस आमच्याकडे नव्हतं."

पाठोपाठ कंपनीचा लॅपटॉप आला. डिंपलने तो टेबलावर उघडला आणि वळून पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

"ये ना, आई."

"नको वं माय. मी दुरूनच बरी."

डिंपलने स्टुलावर चढून करंडा काढला, ताट केलं आणि आईच्या हातात दिलं. शेवंताबाईंनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. "तुलेच लावते. तुले तर चालतं ना?"

डिंपलने खाली वाकून नमस्कार केला. शेवंताबाईंनी भरल्या डोळ्यांनी लेकीच्या डोक्यावर मूठभर अक्षता टाकल्या. काही केसांत अडकल्या, काही खांद्यावरून घरंगळल्या आणि दोन दाणे टुणटुण उड्या मारत कीबोर्डात शिरले.

नानांनी नीलेशला फोन लावला.