ऑर्विल गाडी देऊ करतो

ऑर्विल स्टेनरसनने आपली जपानी गाडी दान केली, तेव्हा त्याच्या हातात कॉफीचा कप होता आणि मनात दानाचा विचारही नव्हता.

चर्चच्या तळघरात रविवारची कॉफी चालली होती. थकल्या-भागल्या म्हाताऱ्यांना घरपोच गरम जेवण देणारी एक संस्था आमच्या गावात आहे. तिची नवी व्यवस्थापक जीना पेलेग्रिनो उभी राहून सांगत होती की संस्थेची व्हॅन कायमची बसलीय आणि बर्फ पडायच्या आत दुसरी घ्यायला हवी. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. ही शांतता ऑर्विलला सोसवेना. तो म्हणाला, "माझी गाडी आहे की. हवी तर ती विका."

आता आम्हा मिनेसोटावाल्यांची एक रीत आहे. कुणी काही देऊ केलं की घेणाऱ्याने 'छे, कशाला' म्हणायचं. देणाऱ्याने पुन्हा आग्रह करायचा, घेणाऱ्याने पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्या खेपेला जे ठरेल ते खरं. आमच्याकडे बुडणाऱ्यालाही दोर तीनदा टाकावा लागतो, कारण पहिल्या दोन वेळा तो 'राहू दे, तुमचे हात गारठतील' म्हणतो. माझ्या डोळ्यांदेखत एक जण असा तळ्यात गेला. अंत्यविधीला लोक त्याच्या मृत्यूबद्दल कमी आणि त्याच्या वळणाबद्दल जास्त बोलले.

पण जीना पडली न्यू जर्सीची; तिकडे पहिलं उत्तर हेच उत्तर. ती म्हणाली, "घेते. थँक्यू, ऑर्विल."

तळघरात कुणीही हललं नाही. पाद्रीबाबांच्या हातातला बिस्किटाचा तुकडा कॉफीत विरघळून गेला, तरी ते कप हलवायला धजले नाहीत. ऑर्विल हसला. नंतर त्याच्या बायकोने, मार्लिसने सांगितलं की तसं हसू तिने यापूर्वी फक्त गळाला लागलेल्या माशाच्या तोंडावर पाहिलं होतं.

गाडी साधीसुधी नव्हती. फिक्कट हिरवी, गोलमटोल, कापडी टपाची, आणि इथल्या गाड्यांचं डावीकडे असतं ते स्टिअरिंग हिचं उजवीकडे. जपानात अशा मोजक्याच निघाल्या होत्या. परदेशची असली गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय इथे आणता येत नाही, म्हणून ऑर्विल तिचं वय व्हायची वाट बघत म्हातारा झाला होता. गॅरेजमध्ये ती आजीने शिवलेल्या गोधडीखाली झोपायची. पावसाचा थेंब तिला ठाऊक नव्हता, मग बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ तर दूरच. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते लोखंड असं खातं, की वसंतात काही लोक नुसत्या सीटवर बसून घरी येतात.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की शनिवारी चर्चमध्ये गाडीचा लिलाव होणार आणि ती बर्निस हाल्वर्सनला हवीय. 

बर्निस आमच्या भागातली टपालवाली. शेतावरच्या घरांच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात. साध्या गाडीतून टपाल टाकायचं तर बाईला डावीकडे बसून उजव्या खिडकीपर्यंत आडवं व्हावं लागतं. उजव्या स्टिअरिंगची गाडी म्हणजे तिच्यासाठी देवानेच पाठवलेली. पण बर्निसच्या हाती गाडी टिकत नसे. तिची आधीची गाडी खडीच्या रस्त्यावर एकेक भाग टाकत गेली, आणि शेवटी ती हातात नुसतं स्टिअरिंग धरून टपाल वाटताना दिसली होती. आणि आमच्या गावात कुणी एकाने 'मला हवंय' म्हटलं, की त्याच्याविरुद्ध बोली लावणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलणं. खुद्द ऑर्विलने बोली लावायची? दान केलेल्या वस्तूवर? त्यापेक्षा त्याने तळ्यात उडी घेतली असती.

'गाडी परत दे' असं तोंडावर म्हणणं तर त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. म्हणून तो आडून सुचवू लागला. जीनाकडे जाऊन म्हणाला की थंडीत गाडी सुरू व्हायला कुरकुरते. जीनाने त्याचे आभार मानले, आणि गॅरेजवाल्याने धर्मादाय म्हणून इंजिनाला गरम ठेवणारा हीटर बसवून दिला. ऑर्विल पुन्हा गेला, म्हणाला की बर्फावर घसरते. टायरवाल्याने बर्फाचे चार नवे टायर फुकट दिले. तिसऱ्यांदा तो घाबरत म्हणाला की टपातून वारा येतो. चर्चच्या बायकांनी बसून टपाला आतून जाड लोकरी अस्तर शिवलं. गुरुवारपर्यंत गाडी उत्तर ध्रुवावर टपाल वाटायला तयार झाली होती. ऑर्विलने मग तोंड उघडायचं सोडूनच दिलं.

त्याचं जेवण तुटलं. आंघोळ करतानासुद्धा त्याला गंजाचा वास येई. त्याच्या छातीतली धडधड ऐकून शेजारच्याने आपल्या पाण्याच्या पंपाला दोनदा तेल दिलं.

मार्लिसला नवऱ्याचे हाल बघवेनात. पण तीही याच मातीतली, सरळ बोलणार कशी? तिने जीनाला कॉफीला बोलावलं, लिंबाच्या वड्या पुढे ठेवल्या आणि अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, गावची रीत समजावली. पहिलं उत्तर धरायचं नसतं, दुसरंही नाही. खरं ते तिसरं. जीनाचा घास तोंडातच राहिला.

"म्हणजे ऑर्विलने गाडी देऊ केली, तेव्हा..."

"मी तसं काही म्हटलं नाही हं," मार्लिस घाईने म्हणाली. "अजून एक वडी घे."

शुक्रवारी दुपारी जीना दारात उभी. हातात गाडीची किल्ली. मार्लिस स्वयंपाकघरात गेली, तिथे भांडी उगाच वाजवू लागली. ऑर्विल खुर्चीला चिकटून बसला.

"ऑर्विल, मला खरं सांगा," जीना समोर बसत म्हणाली. "गाडी तुम्हाला परत हवीय का?"

ऑर्विलने किल्लीकडे पाहिलं. ही न्यू जर्सीची. एकदाच विचारणार. आपण सवयीने 'छे' म्हटलं की किल्ली घेऊन चालू पडणार. त्याला बर्निस दिसली, मीठ दिसलं, नुसतं स्टिअरिंग दिसलं. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरली, डोळे मिटले, आणि आयुष्यभराची हिंमत एका शब्दात ओतली.

"हो."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

जीनाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मार्लिसने शिकवलं म्हणून बरं, नाहीतर आज मी परत फसले असते. हे झालं पहिलं उत्तर. ते धरायचं नाही. आता दुसऱ्यांदा विचारते. गाडी हवीय?"

ऑर्विलने तोंड उघडलं. पण हिंमत खर्चून संपली होती, आणि आत उरली होती फक्त सवय.

"छे, कशाला," तो म्हणाला.

"नक्की?"

त्याला 'हो, हवीय' म्हणायचं होतं. जीभ मात्र त्याच्या बापाची, आजोबाची होती.

"नक्की. राहू दे. तुम्हालाच लागेल."

"हे तिसरं," जीना समाधानाने म्हणाली. तिने त्याचा हात दाबला, आम्ही निघताना आपटतो तसे दोन्ही गुडघ्यांवर तळवे आपटले, 'बरं तर' म्हणून उठली, आणि किल्ली खिशात घालून गेली.

मार्लिस धावत बाहेर आली. "काय झालं? हो म्हणालास ना?"

"म्हणालो."

"कितव्यांदा?"

"पहिल्यांदा."

 मार्लिस हळूच समोरच्या खुर्चीत बसली. "पहिल्यांदाच, लाज सोडून? अरे, ती चर्चमध्ये सांगत बसली तर?"

ऑर्विलला हे सुचलंच नव्हतं. त्या क्षणापासून त्याला गाडीची नव्हे, जीनाच्या तोंडाची धास्ती बसली. शनिवारी लिलावात तो सगळ्यांत पुढच्या रांगेत, जीनाच्या नजरेसमोर बसला. आणि हिरवी गाडी बर्निसच्या नावावर सुटली, तेव्हा कुणाला कसलाही संशय येऊ नये म्हणून सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या.